एल्डरसीचं पाणी

१

रोज सकाळी सहाला, चहाच्याही आधी, सुलेखा आपल्या मुलीच्या अंथरुणातली कातडी झाडायची.

ऐकायला कसंसंच वाटतं, पण ज्या घरात इसब आहे त्या घरात हे दात घासण्याइतकं नेहमीचं असतं. इरा नऊ वर्षांची. कोपरांच्या खाचा, गुडघ्यांची मागची बाजू, मान आणि मनगटं, एवढा मुलूख इसबाने जन्मापासून बळकावलेला. ती झोपेत खाजवायची आणि त्याला एक ठरलेला ताल होता: खर्र, खर्र, खर्र, मग जरा थांबून एक लांबलचक खर्रर्र. सकाळी चादरीवर कोंड्याचा सडा पडलेला असे. पांढऱ्या चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत, गडद चादरीवर कोंडा दिसे. शेवटी सुलेखाने करड्या चादरी आणल्या, तर त्यांच्यावर दोन्ही दिसायला लागलं.

एक छोटा ब्रश आणि सुपली घेऊन ती ते सगळं गोळा करायची. श्वास रोखून धरायची. याचं कारण तिने कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिला किळस यायची. पोटच्या पोरीची. त्या सुपलीतल्या पापुद्र्यांची, त्या ओलसर लाल खाचांची, क्रीम आणि पू यांच्या त्या आंबूस वासाची. इरा झोपताना म्हणायची, "आई, पाठ खाजव ना," तेव्हा सुलेखा कंगवा उलटा धरून त्याच्या पाठीने खाजवायची. डॉक्टरांनी नखं लावू नका म्हटलंय, असं सांगायची. डॉक्टरांनी तसं म्हटलं होतं हे खरं, पण कंगव्यामागचं कारण ते नव्हतं.

मुकुल, तिचा नवरा, बँकेत रिस्कचं काम बघायचा आणि घरी आल्यावर कुठलीच रिस्क घ्यायचा नाही. इराच्या अंगाला हात लावायची वेळ आली की त्याला हमखास ऑफिसचा कॉल यायचा. त्यामुळे क्रीम, पट्ट्या, नखं आणि ब्रश हे सगळं सुलेखाकडे होतं. नऊ वर्षं तिने ते विनातक्रार केलं आणि बेडोक या त्यांच्या उपनगरातल्या तमाम मराठी बायका तिला आदर्श आई म्हणत. ते ऐकलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

२

सुलेखाची नोकरी आंग मो किओमधल्या एका कंपनीत होती. जगभरातल्या म्युझियमांची जुनी कागदपत्रं स्कॅन होऊन तिथे येत आणि जे हस्ताक्षर कॉम्प्युटरला लागत नसे ते माणसं वाचून टाइप करत. पुण्यात मोडी वाचायला शिकलेल्या बाईला इंग्रजांचं वळणदार अक्षर म्हणजे हातचा मळ. मंगळवार-गुरुवार ती घरूनच काम करायची.

सध्या तिच्याकडे एल्डरसी होतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव. आधी तिथे पंचवीस-तीस कोळ्यांची घरं होती. मग कुणा डॉक्टरने छापलं की समुद्राचं पाणी सगळ्या रोगांवर औषध आहे, आणि लंडनचे पैसेवाले आजारी लोक तिकडे धावले. चाकांवरच्या लाकडी खोल्या आल्या. आत बसून कपडे बदलायचे, घोडा ती खोली कमरेएवढ्या पाण्यात ओढून न्यायचा, आणि पायरीपाशी एक दांडगी बाई उभी असायची. ती तुमची मान धरून तुम्हाला तीनदा पाण्याखाली बुडवायची. त्या बायकांचा धंदाच बुडवण्याचा. वर आल्यावर खारं पाणी आणि दूध निम्मं-निम्मं करून पेलाभर प्यायला द्यायचे. पुढे रेल्वे आली, समुद्रात घुसलेला लांब धक्का आला, बँड आला, गाढवांच्या फेऱ्या आल्या. मग लोक स्वस्त विमानांनी उन्हाच्या देशांत जायला लागले आणि एल्डरसी ओस पडलं. आता नगरपालिकेला वारसा जपायचा होता. त्यासाठी त्यांच्या पूर्वजांचं अक्षर बेडोकच्या अकराव्या मजल्यावर बसून सुलेखा वाचत होती.

स्नानगृहाची नोंदवही तिच्या वाट्याला आली होती. रकाने सरळ होते: नाव, वय, दुखणं, बुड्या, पेले, शेरा. अगदी शेवटचा रकाना शीर्षकासकट शाईच्या डागाखाली गेलेला. बुडवणारीला लिहिता येत नसावं. प्रत्येक ओळीपुढे सहीऐवजी तिचा ओला तळवा उमटलेला होता, चांगला रुंद.

"तो रकाना सोडून दे," तिचा टीम लीड धवल फोनवर म्हणाला. "वाचता येत नाही असं टाक आणि पुढे चल. क्लायंटला त्याचं काही पडलेलं नाहीये."

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून जाईना. वही अठराशे दोनची. तिच्यासोबत एक चित्र होतं, त्यात पाण्यात पाठमोरी उभी असलेली एक रुंद बाई, एक खांदा उतरलेला. मग तब्बल नव्वद वर्षांनंतरचा एक फोटो, त्यातही पाठमोरी तीच बाई, तोच उतरलेला खांदा. आणि एकोणीसशे तीसच्या पोस्टकार्डावर, आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांच्या मागे, पाण्यात पुन्हा ती. सुलेखाने स्वतःची समजूत घातली. ओल्या कपड्यातल्या सगळ्याच जाड बायका मागून सारख्या दिसतात. दादरच्या चौपाटीवर उभं राहून बघावं.

त्या गुरुवारी इरा शाळेतून आली ती मान रक्तबंबाळ करून. नाचाच्या तालमीत तिचा हात धरायला कुणी तयार झालं नव्हतं. एक मुलगी म्हणाली होती, "ई, स्नेक." इराने हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. खाजवून खाजवून अंगठ्याचं नख अर्धं तुटलं होतं. सुलेखाने त्यावर पिवळ्या बदकांची पट्टी चिकटवली. मग इरा आईच्या टेबलाखाली, पायांपाशी जाऊन बसली आणि वर हात केला. तळवा उघडा.

"आई, होल्ड माय हॅंड."

सुलेखाने तिला दोन बोटं दिली. पूर्ण हात द्यायला तिचा हात धजेना. पोरीने ती दोन बोटं घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने खाजवत राहिली. खर्र, खर्र, खर्र. स्क्रीनवर नोंदवहीचं पान उघडं होतं: मुलगी, वय आठ, कातडी झाडाच्या सालीसारखी, तीन बुड्या, तीन पेले. पुढे शेरा: निर्मळ झाली, आई संतुष्ट.

सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने मोकळा हात कपाळाला लावला आणि पुटपुटली, "हिचं हे एवढं जाऊ दे. माझ्या पोरीची ही कातडी घेऊन जा. काय हवं ते करीन."

घरोघरी बायका बोलतात तसाच नवस होता. फक्त तो कुणाला बोललाय, हे सांगायचं ती विसरली.

३

शुक्रवारी सकाळी सहाला ती ब्रश घेऊन गेली तर चादरीवर झाडायला काही नव्हतं.

चादर ओली होती. नऊ वर्षांची मुलगी, दमून आलेली, कधीतरी अंथरूण ओलं करते, असं म्हणून सुलेखाने चादर ओढली. पण वास तो नव्हता. मासळी बाजार बंद झाल्यावर फरशी धुतात तसा वास होता. चादरीवर बोटांना काहीतरी चरचरीत लागलं. तिने नको ते केलं, बोट जिभेला लावलं. मीठ.

"घाम असेल," मुकुल म्हणाला. "एसी बंद करून झोपली असेल."

इराच्या कोपराची खाच कोरडी होती. संध्याकाळपर्यंत ती भरून आली. मनगटं शनिवारी, मान रविवारी. आणि अंगठा तर शुक्रवारीच संपूर्ण बरा होता. नख अख्खं, गुलाबी. पिवळ्या बदकांची पट्टी कुठे गेली म्हणून सुलेखाने गादी उचलून पाहिली, खाटेखाली वाकून पाहिलं. पट्टी सापडली नाही. पडली असेल कुठेतरी, निघाली केराबरोबर. पट्टीचं काय एवढं. पण रात्रीत अर्धं नख वाढतं का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर यायच्या आत वॉशिंग मशीन लावलं.

"आता खाज नाही येत?" तिने इराला विचारलं.

"नॉट इची लाह," इरा म्हणाली आणि स्वच्छ हसली.

४

तीन आठवड्यांत इराची कातडी अशी झाली की लिफ्टमध्ये शेजारच्या आज्या तिच्या गालाला हात लावायला लागल्या. स्किनच्या डॉक्टरांनी दोन्ही कोपरं उलटसुलट करून पाहिली, नवीन क्रीमला श्रेय दिलं आणि फाइल मिटली. सुलेखा क्लिनिकच्या बाहेर बसून हमसाहमशी रडली. खरंच आनंदाने रडली, ते इथे सांगायलाच हवं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती मुलीला कुशीत घेऊ शकणार होती.

तिने घेतलंही. आणि अंगावर शहारा आला. इराची पाठ गार होती आणि गुळगुळीत, ओला साबण हातात धरल्यावर लागतो तशी. कुठे लव नाही, कुठे खरखर नाही. डाव्या खांद्यावर जन्मखूण होती, तीसुद्धा दिसेना. सुलेखाने हात मागे घेतला आणि मग स्वतःवरच संतापली. पोर आजारी होती तेव्हा किळस, बरी झाली तरी किळस. आपल्यातच काहीतरी सडलंय, असं तिला वाटलं.

इरा आता शहाण्यासारखी जेवायची. आपण होऊन दूध मागायची आणि त्यात चमचाभर मीठ घालून प्यायची. "पाठ खाजव ना" म्हणायचं तिने सोडलं.

आणि तरी घरात खाजवण्याचा आवाज येत होता.

आधी सुलेखाला वाटलं, कानांना सवय झालीय. मग तो आवाज तिने भर दुपारी ऐकला. इरा शाळेत, मुकुल ऑफिसात, घरात ती एकटी. आवाज बाथरूममधून येत होता. खर्र, खर्र, खर्र. जरा थांबून, खर्रर्र. वासही तिथलाच, कुबट, खारट, नाकात बसणारा. तिने मोरीच्या जाळीत ब्लीच ओतलं. आवाज थांबला. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाला, जरा घाईघाईने.

तिने प्लंबर बोलावला. साठीचे कोह अंकल आले, जाळीवर टॉर्च मारून बघितलं.

"पाइप ओके लाह," ते म्हणाले. "कॉक्रोच मेबी. स्मेल? लास्ट टाइम सी कम अप टू हिअर, यू नो. देन गव्हर्मेंट फिल विथ सँड. समटाइम्स ओल्ड स्मेल कम बॅक."

"अकराव्या मजल्यावर?"

अंकलनी खांदे उडवले. "पाइप गो ऑल द वे डाउन, वॉट."

झुरळं. पाइप. जुना समुद्र. सुलेखाने तीनही कारणं एकापुढे एक मांडली आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. त्याच दुपारी ती कामाला बसली आणि तो डागाखालचा रकाना तिने मोठा करून पाहिला. कुणी सांगितलं नव्हतं. उजेड वाढवला, शाई फिकी केली, आणि मोडीची जुनी पत्रं वाचताना करायची तसं एकेक अक्षर लावत गेली. शीर्षक लागलं. 'आमच्यापाशी ठेवलेलं.'

मोठ्या माणसांच्या ओळींपुढे तिथे रेघ होती. कातडीच्या दुखण्यासाठी आणलेल्या मुलांपुढे, पानापानावर, एकच आकडा होता. एक. एक. एक. आणि बाजूला आयांच्या सह्या.

तिने धवलला काही कळवलं नाही. रकान्यात 'वाचता येत नाही' असं टाइप केलं आणि पान बंद केलं.

५

"नवस फेडलास का?" पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं. इरा बरी झाल्याचं कळवताना सुलेखा त्यांना नवसाचं बोलली होती.

"फेडायचाय, आई."

"अगं, मग कसली वाट बघतेस? कुणाला बोलली होतीस?"

सुलेखाने आठवून पाहिलं. त्या दुपारचा एकेक शब्द आठवत होता, पण त्यात कुणाचं नाव सापडेना. समोर स्क्रीनवर काय होतं तेवढं मात्र लख्ख आठवलं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"कमाल आहे तुझी. बरं, सत्यनारायण घाल. तो सगळ्यांना चालतो."

म्हणून रविवारी सकाळी सत्यनारायण झाला. केळीचे खुंट लिटल इंडियातून आणले. तोआ पायोहचे प्रकाशकाका पोथी वाचायला आले. ते अकाउंटन्सीतून निवृत्त झाले होते आणि आता सगळ्या मराठी मंडळींच्या पूजा सांगत. मैत्रेयी आणि शैलेंद्र हे जुने स्नेही आले, आणखी दहा-बारा जण आले. सगळ्यांनी इराचे हात बघितले, कौतुक केलं. इरा परकर-पोलक्यात होती आणि तिच्यावरून नजर हटत नव्हती. सुलेखा मात्र तिच्याकडे फार वेळ बघू शकत नव्हती.

आरती झाली. "तीर्थ कन्येच्या हातून द्या," प्रकाशकाका म्हणाले. "तिच्यासाठीच तर पूजा."

इरा पंचामृताचं भांडं घेऊन उठली, आधी आत गेली आणि मिनिटाभराने परत आली. सगळे रांगेत उभे राहिले, उजव्या हाताचा द्रोण करून. इरा पळीने प्रत्येकाच्या तळव्यावर थोडं थोडं घालत पुढे सरकली.

सुलेखाने पाहिलं, मैत्रेयीने तीर्थ तोंडात घेतलं आणि तिचा चेहरा क्षणभर थांबला. मग तिने ते गिळलं. शैलेंद्रच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. एक बाई डोळे मिटून जोरात श्वास घेत होत्या. बोलणार कोण? जेवणात खडा आला तर माणूस थुंकतो. तीर्थ कुणी थुंकत नाही. काय आहे हे विचारायचं नाही, नाक मुरडायचं नाही, गिळायचं आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. प्रत्येक जण तसंच करत होता. पंचामृतात मीठ पडलं होतं, हे ते आता खाली लिफ्टमध्ये एकमेकांना सांगणार होते.

सुलेखाची पाळी आली. तिने सवयीने डोळे मिटले. तळव्यावर गार, चिकट पडलं. तिने ते ओठांना लावलं. खारं पाणी आणि दूध, निम्मं-निम्मं. त्यात काहीतरी तंतूसारखं होतं, मऊ, जिभेला गुंडाळणारं. ती गिळेना. तिने डोळे उघडले.

पळी धरलेल्या इराच्या हातावर दुसरा हात होता. मोठा, रुंद, पांढराफटक, दिवसभर धुणं धुतल्यावर होतो तसा सुरकुतलेला. त्या हाताच्या मागे भिजलेली काळी बाही. त्याहून मागे, इराच्या डोक्याच्या वर जिथे चेहरा असायला हवा तिथे, सुलेखाने बघितलं नाही.

"घे ना, आई," इरा म्हणाली. "ऑल मस्ट फिनिश."

सुलेखाने गिळलं. आणि खरं सांगायचं तर, तिचा ओला हात तिला न विचारता डोक्यावरून फिरला.

पुन्हा बघितलं तेव्हा तिथे फक्त इरा होती. फरशीवर थोडं पाणी होतं. मैत्रेयीने ते तत्परतेने पुसलं.

६

दुपारी दोनपर्यंत सगळे पांगले. मुकुल प्रकाशकाकांना एमआरटी स्टेशनपर्यंत सोडायला गेला. इरा हॉलमध्ये चित्र काढत बसली. सुलेखा भांडी आवरत होती आणि बाथरूममध्ये आवाज सुरू झाला.

या वेळी तो थांबेना. खर्र, खर्र, खर्र. खर्रर्र.

तिने शिऱ्याच्या भांड्यातला डाव उचलला, बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि गुडघ्यांवर बसली. डावाच्या दांड्याने मोरीची जाळी उचकटली. खालची प्लास्टिकची वाटी केसांच्या बुळबुळीत गुंत्याने भरलेली होती. वाटी बाजूला ठेवली. मग पाइपचं काळं तोंड दिसलं, आणि त्यात टिचभर खाली पाणी.

पाण्यात काहीतरी करड्या रंगाचं होतं. पापुद्रे सुटलेलं. आधी तिला वाटलं, जुनं फडकं अडकलंय. मग त्याला बोटं दिसली. लहान, खरबरीत, खाचांत लाल. ती पाइपच्या भिंतीवर खाजवत होती. अंगठ्यावर फुगलेली पट्टी होती आणि तिच्यावर पिवळी बदकं.

उजेड पडताच बोटं थांबली. हात हळूहळू फिरला आणि तळवा वर झाला. उघडा. टेबलाखालून तिच्याकडे आला होता, अगदी तसा.

सुलेखाच्या मनात जराही शंका राहिली नाही. ती पुटपुटली, "इरू." तिने हात खाली घातला. दोन बोटं.

त्या हाताने ती घट्ट धरली. नऊ वर्षांची ओळखीची पकड. सुलेखाने ओढलं, थोडंसंच, आणि तिच्या बोटांभोवतीची कातडी सुटायला लागली. ओल्या कागदासारखी, सालीमागून साल, तिच्या नखांत, तिच्या अंगठीखाली जाऊन बसली. वास वर आला, क्रीमचा, पुवाचा, आणि कुजलेल्या समुद्राचा. सगळा हात घालायला हवा होता. कोपरापर्यंत घालून, मनगट धरून वर ओढायला हवं होतं. तिला ते कळत होतं. नऊ वर्षं तिला तेच कळत होतं.

किळस आली. पोटातून, मणक्यातून, कधी आली नव्हती एवढी. तिने बोटं सोडवून घेतली.

वाटी जागेवर ठेवली. जाळी बसवली. वरून टाचेने दाबली. डेटॉलची बाटली आडवी करून सगळी ओतली आणि मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले, तीनदा, नखांखालून, अंगठी काढून.

दार उघडलं तेव्हा बाहेर इरा टॉवेल घेऊन उभी होती. गोरी, नितळ, छान.

"ऑल डन, आई?"

"हो," सुलेखा म्हणाली. इराने हात पुढे केला आणि सुलेखाने तो धरला. गार होता. तिने सगळा धरला, पाचही बोटांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती जागी झाली. ब्रश आणि सुपली तिने कपाटात अगदी मागे सारून ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी खळखळून उकळायला लागलं की बाथरूममधलं काही ऐकू येत नाही. हल्ली ती चहा बराच वेळ उकळते. मुकुल म्हणतो, फार कडू होतो, पण पितो.